आधी भिंत, मग यंत्र

पूर्व द्रुतगती महामार्ग जेथे संपत येतो आणि घोडबंदरचा रस्ता जेथून फुटतो, त्या नाक्यावरचे माजिवडा परगावच्या माणसाला उड्डाणपूल, मेट्रोचे खांब आणि उत्तुंग मनोरे एवढ्यावरूनच ओळखू येत असले, तरी या एकाच वस्तीत गावठाणातली जाड भिंतींची बैठी घरे, १९८२ साली ठाणे महानगरपालिका स्थापन झाली त्या सुमारास उठू लागलेल्या विटांच्या चार मजली सोसायट्या, त्यानंतरच्या हलक्या ठोकळ्यांच्या इमारती आणि अलीकडचे, तळापासून माथ्यापर्यंत काँक्रीटच्याच ओतीव भिंतींचे मनोरे अशी चार तऱ्हांची घरे एकमेकांना खेटून उभी आहेत. गिलावा आणि रंग चढल्यावर या सगळ्या भिंती डोळ्यांना सारख्याच दिसतात. परंतु त्यांच्या पोटात शिरू पाहणाऱ्या पोलादी पात्याला त्या इतक्या वेगवेगळ्या वाटतात की, एकीला जे मानवते ते दुसरीच्या मुळावर उठते. भिंतीला भोक पाडण्याचे यंत्र विकत घ्यायला निघालेल्या गृहस्थाला नेमकी हीच गोष्ट कोणी सांगत नाही, आणि तो बिचारा यंत्राची निवड करतो, भिंतीची चौकशी करीत नाही.

जुन्या घरांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण खुंट्या, कोनाडे आणि फडताळे यांची तजवीज गवंडी भिंत रचतानाच करीत असे. आजचा विकासक आपल्याला कोऱ्या भिंती देतो, आणि मग ताब्याची किल्ली हाती पडल्यापासून पडद्याचा रॉड, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, गीझर, दूरदर्शन संचाची चौकट, स्वयंपाकघरातली मांडणी, कपडे वाळत घालण्याची वर ओढायची दोरी आणि देवघर यांसाठी भिंतीत व छतात भोके पाडण्याचे सत्र सुरू होते. या कामासाठी स्वतःचेच यंत्र घ्यावे असा विचार करून स्टेशन रोडवरच्या हार्डवेअरच्या दुकानात, किंवा थोडी घासाघीस साधेल या आशेने मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर जावे, तर पहिला प्रश्न येतो, “काका, किती वॅटचं देऊ? पाचशे आहे, सातशे आहे, आठशे आहे.” प्रश्न सोयीचा आहे, परंतु तो अस्थानी आहे; कारण वॅट म्हणजे यंत्र किती वीज घेते याचा हिशेब, भिंतीवर किती जोराचा घाव पडतो याचा नव्हे. विचारायला हवा तो प्रश्न एकच: भिंत कशाची आहे?

ठाणे-कल्याण परिसरात या प्रश्नाची मुख्य उत्तरे तीन. पहिली भिंत विटांची. कल्याण आणि भिवंडीच्या आसपासच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबांनी थापलेल्या आणि भाजलेल्या विटांनी या भागातील कित्येक वसाहती उभ्या राहिल्या, आणि ठाण्याच्या जुन्या सोसायट्यांत बाहेरची नऊ इंची व आतली साडेचार इंची भिंत बहुधा अशाच विटांची असते. दुसरी भिंत हलक्या, सच्छिद्र ठोकळ्यांची. १९७० च्या दशकात पुण्यात शिर्के उद्योगसमूहाने स्वीडिश तंत्राने हे ठोकळे बनवण्यास सुरुवात केली, आणि त्यांचे ‘सिपोरेक्स’ हे व्यापारी नाव मिस्त्री मंडळींच्या तोंडी इतके बसले की आज कोणत्याही कारखान्याचा हलका ठोकळा त्यांच्या लेखी सिपोरेक्सच असतो. एका घनमीटरला सहाशे किलोच्या आसपास वजन आणि एका चौरस मिलिमीटरवर तीन-चार न्यूटनएवढाच दाब सोसण्याची ताकद, असा हा मऊ माल आहे. तिसरी भिंत ओतीव काँक्रीटची: मलेशियातील मायव्हन कंपनीने रूढ केलेल्या अॅल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि स्लॅब एकाच वेळी ओतण्याची पद्धत नव्या मनोऱ्यांत आली, आणि तिच्यात खोल्यांमधल्या भिंतीसुद्धा सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात. हे काँक्रीट घनमीटरला सुमारे चोवीसशे किलो भरते आणि पंचवीस न्यूटनच्या वरच्या दाबाला दाद देत नाही. ज्या दोन भिंतींच्या ताकदीत सहापटींहून अधिक अंतर आहे, त्यांना एकाच यंत्राने, एकाच रीतीने भोक पाडू जाणे हा अविचार होय.

येथे कोणी म्हणेल की, आमची इमारत विटांची आहे, तेव्हा आम्हांस काँक्रीटची धास्ती कशाला? या समजुतीचा भ्रमनिरास पडद्याचा पहिलाच रॉड बसवताना होतो. खिडकीच्या शेजारी, खांद्याच्या उंचीवर, साध्या ड्रिलने वीट लोण्यासारखी कापली जाते, लाल भुकटी पडते, आणि मनुष्य आत्मविश्वासाने स्टुलावर चढून खिडकीच्या वर चार बोटांवर पाते टेकवतो. वरचा गिलावा तेवढा सुटतो, मग लालऐवजी राखाडी पूड दिसू लागते, यंत्राचा आवाज चढत जाऊन किंचाळू लागतो, पात्याचे टोक निळे पडते आणि भोक मात्र नखभर खोलीच्या पुढे सरकत नाही. याचे कारण असे की खिडकीच्या माथ्यावर आडवी बसवलेली लिंटेल ही विटांच्या घरातही काँक्रीटचीच असते, आणि पडद्याच्या रॉडची जागा नेमकी तिच्यावरच येते. तीच गत छतातून दोऱ्या सोडायच्या वेळी होते, कारण स्लॅब तर सर्वांचाच काँक्रीटचा. तात्पर्य, विटांच्या घरातली पन्नास भोके सुखाची असली तरी चार-सहा भोके कठीण निघतातच, आणि यंत्राची परीक्षा त्या चार-सहांतच होते.

आता यंत्रांकडे वळू. दुकानात ‘हॅमर’ या एकाच नावाखाली दोन अगदी भिन्न प्रकृतीची यंत्रे विकली जातात, आणि साऱ्या घोटाळ्याचे मूळ तेथे आहे. पहिले, इम्पॅक्ट ड्रिल. यात दातेरी कडांच्या दोन चकत्या एकमेकींवर घसरत फिरतात आणि त्या दात्यांच्या चढउतारामुळे पाते मागेपुढे थरथरते. मिनिटाला अठ्ठावीसशे फेरे आणि चकतीवर सोळा दाते असा हिशेब धरला तर मिनिटाला ४४,८०० ठोके पडतात. आकडा भरघोस वाटतो, डब्यावरही मोठ्या अक्षरांत छापलेला असतो, परंतु प्रत्येक ठोका इतका दुबळा असतो की काँक्रीटमधल्या खडीला त्याची दखलही घ्यावीशी वाटत नाही, आणि यंत्र चालवणाऱ्याला आपल्या अंगाचा सारा भार मागून द्यावा लागतो. दुसरे, रोटरी हॅमर. यात मोटर एका नळकांड्यात दट्ट्या मागेपुढे हलवते, दट्ट्या आणि सुटा घण यांच्यामध्ये कोंडलेली हवा दाबली जाऊन त्या घणाला पुढे फेकते, आणि घण पात्याच्या बुडावर आदळतो. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, म्हणजे पहिल्याच्या नवव्या-दहाव्या हिश्श्याइतके. परंतु प्रत्येक ठोक्यात दीड ते तीन ज्यूल ऊर्जा असते आणि ती हवेच्या दाबातून येत असल्यामुळे हाताने रेटण्याची गरज उरत नाही. किंबहुना जो रेटतो तो यंत्राचे काम बिघडवतो; सरळ धरावे, टेकवावे आणि त्याला त्याचे काम करू द्यावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

हे तंत्र काही काल-परवाचे नाही. जर्मनीतील बॉश कंपनीने आपला विजेचा हातोडा १९३२ साली बाजारात आणला, आणि दांड्यावर खाचा असलेले, चावीवाचून चकमध्ये खटकन बसणारे एसडीएस पाते बॉश व लिश्टेनश्टाइनची हिल्टी यांच्या सहकार्यातून १९७५ च्या सुमारास आले. भोकात ठोकायच्या गुट्टीचा इतिहास त्याहून जुना: जॉन रॉलिंग्ज या इंग्रज कंत्राटदाराने १९११ च्या सुमारास तागाच्या धाग्यांची गुट्टी काढली, तिच्यावरूनच आपल्याकडचे वायरमन आजही ‘रावळप्लग’ म्हणतात, आणि आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने १९५८ मध्ये नायलॉनची गुट्टी बनवली. खिळ्याला भिंतीत धरून ठेवण्याची विद्या गेल्या शतकात एवढी पुढे गेली; आपले गिऱ्हाईक मात्र अजून वॅटच्याच आकड्यावर सौदा करीत आहे, ही खेदाची गोष्ट आहे.

तेव्हा घरगुती कामासाठी रोटरी हॅमर घ्यायचाच असेल तर कोणता घ्यावा? दोन ते तीन किलो वजनाचा, एसडीएस-प्लस चकचा, दोन ज्यूलच्या आसपास घाव देणारा आणि काँक्रीटमध्ये वीस-बावीस मिलिमीटरपर्यंत भोक पाडण्याची क्षमता लिहिलेला नग घराला पुरून उरतो. घरातली भोके सहा, आठ आणि फार तर दहा-बारा मिलिमीटरची असतात, आणि यंत्र आपल्या कमाल मर्यादेच्या बरेच अलीकडे सर्वांत सुखाने चालते. एसडीएस-मॅक्सचे पाच-सहा किलोचे धूड हे इमारती पाडणाऱ्यांचे हत्यार आहे. ते स्टुलावर चढून डोक्यावर धरणे हा स्वतःचा खांदा निखळवण्याचा खात्रीचा उपाय. याउपर तीन गोष्टींची खातरजमा दुकानातच करावी. पहिली, पाते सळईत अडकले तर गियर आपोआप सुटावा अशी क्लचची योजना आहे की नाही, कारण ती नसेल तर पाते थांबते आणि यंत्र मनगटासकट फिरते. दुसरी, नुसते फिरणे, फिरणे आणि ठोकणे, व नुसते ठोकणे असे तिन्ही प्रकार बदलण्याचा खटका आहे की नाही. तिसरी, फेऱ्यांचा वेग बोटाच्या दाबाने कमी-जास्त होतो की नाही. टाइलवर पाते टेकवताना याच सोयीवर सारे अवलंबून असते. ठोकणी बंद ठेवून, मंद वेगाने, शक्यतो काच-टाइलचेच वेगळे पाते वापरून आधी टाइल पार करावी, अन्यथा साठ रुपयांच्या गुट्टीपायी साऱ्या न्हाणीघराच्या टाइलींची जोडी फुटते.

पैशाचा विचार केला तर चांगल्या नावाचे इम्पॅक्ट ड्रिल साधारण अडीच-तीन हजारांत आणि त्याच तोलामोलाचा रोटरी हॅमर सहा ते दहा हजारांत मिळतो. ज्याचे घर विटांचे आहे त्याने इम्पॅक्ट ड्रिल घेऊन लिंटेलच्या चार भोकांपुरता दुसऱ्याचा हॅमर आणावा. ज्याचे घर ओतीव काँक्रीटचे आहे त्याने इम्पॅक्ट ड्रिलवर एक पैसाही दवडू नये. सिपोरेक्सच्या घरात मात्र अडचण उलटी आहे. तेथे कोणतेही यंत्र चालते, आणि म्हणूनच ते बेताने चालवणे अवघड जाते. सुतार आपला हॅमर घेऊन येतो, खटका ठोकणीवरच ठेवतो, मऊ ठोकळा आतून भुसभुशीत होऊन आठ मिलिमीटरचे भोक दहाचे होते, गुट्टी बोटाने आत जाते आणि बोटानेच बाहेर येते, मग तो खिशातून आगपेटी काढतो, गुट्टीच्या कडेने दोन-तीन काड्या खोचतो, स्क्रू पिळतो आणि म्हणतो, “बघा वहिनी, हलतंय का?” तेव्हा हलत नाही, वर डब्यांची रांग लागली की पावसाळ्याच्या आत हलू लागते. या भिंतीत ठोकणी पूर्ण बंद ठेवावी, पाते एक आकडा लहान घ्यावे आणि गुट्टी सच्छिद्र ठोकळ्यासाठीच घडवलेली, लांब व रुंद दात्यांची वापरावी. गीझरसारखे वजन टांगायचे असेल तर आरपार बोल्ट घालून पलीकडच्या बाजूला पट्टी द्यावी. विटांच्या भिंतीतही गिलाव्याचे दीड-दोन सेंटिमीटर हिशेबात धरू नयेत, कारण गुट्टी फुगायची असते ती विटेत. गिलाव्यात फुगलेली गुट्टी पापुद्र्यासह हातात येते.

जे हत्यार काँक्रीटला नमवते ते घरालाही इजा करू शकते, याचे भान ठेवणे अगत्याचे आहे. आपल्या बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे स्तंभातील मुख्य सळईवर निदान ४० मिलिमीटर काँक्रीटचे आच्छादन असावे लागते. स्लॅबमध्ये ते त्याहून कमी असते. खाडीच्या खाऱ्या हवेत राहणाऱ्या ठाणेकराला सळई उघडी पडून गंजणे म्हणजे काय, हे पावसाळ्यात फुगून सुटणाऱ्या कोणत्याही जुन्या गॅलरीकडे बोट दाखवून सांगता येते. म्हणून स्तंभ आणि तुळई यांना भोक पाडणे टाळावे, पाते धातूला लागले असे वाटताच थांबून जागा बदलावी, आणि ज्या इमारतीत स्लॅबमध्ये ताणलेल्या तारा आहेत तेथे छताला हात लावण्यापूर्वी अभियंत्याचा लेखी सल्ला घ्यावा. स्विचच्या सरळ वर व सरळ खाली, आणि नळाच्या व गीझरच्या तोट्यांच्या रेषेत भोक पाडू नये. भिंतीतली वायर आणि सळई शोधणारे उपकरण मिळते, परंतु प्लास्टिकची पाण्याची नळी त्याला सहसा दिसत नाही. डोंबिवली-कल्याणकडच्या जुन्या दुमजली-तिमजली इमारतींत जेथे भिंतीच वरचा भार पेलतात, तेथे वायरिंगच्या निमित्ताने ठोकणीचा खटका लावून आडव्या झिऱ्या मारण्याचा जो प्रकार चालतो, तो सोसायटीच्या समितीने सरळ बंद पाडावा. कारण छिन्नी-हातोड्याने गवंडी जेवढे दिवसभरात फोडी तेवढे हे यंत्र घटकाभरात फोडते, आणि चुकीची जाणीव होईपर्यंत भिंत चिरलेली असते. धुळीविषयी दोन शब्द: काँक्रीटच्या पुडीत सिलिका असते, तेव्हा नाकावर रुमाल न बांधता धूळरोधक मास्क लावावा, आणि भोकातली पूड फुंकून न काढता हवेच्या पंपाने काढावी, पूड राहिली तर गुट्टीही नीट धरत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. इतके सगळे सांगूनही माझे मत असे आहे की घरटी एक रोटरी हॅमर असणे हा निव्वळ अपव्यय होय. पडद्याच्या दोन कड्यांसाठी आठ हजारांचे यंत्र घेणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. वर्षभरात ते यंत्र किती वेळ चालते याचा प्रत्येकाने आपल्याशी प्रामाणिक हिशेब करावा. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक भोकासाठी सुतार बोलवावा तर दोन भोकांसाठी तो येत नाही, आला तर निम्म्या दिवसाची मजुरी मागतो, आणि भिंतीची जात त्याला ठाऊक असतेच असे नाही. या दोहोंमधला शहाणपणाचा मार्ग असा की सहकारी गृहनिर्माण संस्थेने एक चांगला रोटरी हॅमर, धूळ ओढण्याची सोय आणि वायर शोधणारे उपकरण विकत घेऊन संस्थेच्या कार्यालयात ठेवावे, नोंदवहीत सही करून व अनामत भरून सभासदाने ते न्यावे, आणि पाती मात्र ज्याची त्याने आणावीत, कारण झिजते ते पाते. पन्नास घरांच्या सोसायटीत याचा खर्च घरटी दोन-तीनशे रुपयांच्या पुढे जात नाही.

यावर आक्षेप ठरलेला आहे: सामायिक वस्तूचा कोणी वाली नसतो, महिन्याभरात चक मोडेल, केबल तुटेल आणि दोषारोपांची कैफियत समितीपुढे येईल. आक्षेप निराधार नाही. सोसायटीच्या शिडीचे काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यापासून वागळे इस्टेट आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीने या परिसराला यंत्राशी जन्मभर नाते असलेली माणसे दिली आहेत. ठाण्याच्या बहुतेक सोसायट्यांत एखादा तरी निवृत्त फिटर वा टर्नर असतो, ज्याला ग्रीस कोठे लावायचे आणि कार्बन ब्रश केव्हा बदलायचा हे सांगावे लागत नाही. त्याच्याकडे यंत्राची सुपूर्दगी द्यावी, आणि ते घेऊन जाणाऱ्याने आधी त्याच्याकडून भिंतीविषयी दोन शब्द ऐकावेत. शेजाऱ्यांच्या कानांच्या दृष्टीनेही हेच हिताचे आहे: काँक्रीटचा सांगाडा आवाज मजलोमजली वाहून नेतो, आणि दुबळ्या यंत्राने दहा मिनिटे किंचाळत न पडणारे भोक योग्य यंत्राने मिनिटाच्या आत पडून मोकळे होते. दुपारी दोन ते चार आणि सायंकाळनंतर यंत्र द्यायचे नाही, एवढा नियम नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहिला की निम्मी भांडणे मिटतात.

राहिला भिंतीच्या ओळखीचा प्रश्न, आणि तो सभासदांनी टकटक करून सोडवायचा नाही. ती जबाबदारी ज्याने भिंत बांधली त्याची आहे. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १७ प्रमाणे विकासकाने भोगवटा मिळाल्यावर आवश्यक दस्तऐवज आणि नकाशे तीस दिवसांच्या आत सदनिकाधारकांच्या संस्थेच्या हवाली करावयाचे असतात. या दस्तऐवजांत प्रत्येक सदनिकेच्या भिंतींचा एक पानी तक्ता असावा, त्यात कोणती भिंत ओतीव काँक्रीटची, कोणती ठोकळ्यांची, विजेच्या व पाण्याच्या नळ्या कोठून गेल्या आहेत आणि कोठे भोक पाडू नये याचा स्पष्ट तपशील असावा, अशी मागणी महारेराकडे संस्थांनी संघटितपणे करावयास हवी. पन्नास हजारांच्या वॉशिंग मशिनबरोबर माहितीपुस्तिका मिळते. कोटीच्या घराबरोबर ती मागण्यात भीड कसली? जुन्या इमारतींना विकासक सापडणार नाही, पण त्यांना उपविधींप्रमाणे पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करावीच लागते. तेव्हा तपासनीस अभियंत्याकडूनच हा तक्ता करून घ्यावा, त्याला वेगळा खर्च फारसा येत नाही.

सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. पार्किंगच्या वादात जाणाऱ्या वेळातून पंधरा मिनिटे काढून या दोन ठरावांना त्या सभेत स्थान द्यावे: यंत्र एकदाच आणि सर्वांसाठी, तक्ता मात्र प्रत्येक घरासाठी, करारनाम्याच्या फाइलीत. या दोहोंपैकी एकच मंजूर होणार असेल, तर सभासदांनी निःसंकोचपणे तक्त्याला मत द्यावे. यंत्र भाड्यानेही मिळते, भिंतीची माहिती भाड्याने मिळत नाही.